दोघींनी पाहिलेलं बर्लिन एकच होतं का?

निळी शाई (धागाकर्ती)

गेल्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण आठ दिवस बर्लिनला होतो. कॉलेजपासूनची मैत्री, पण सलग इतके दिवस एका खोलीत कधी राहिलो नव्हतो. ती नर्स आहे, त्यामुळे आमच्या गटात तिला सगळे सिस्टरच म्हणतात. इथेही तेच म्हणते. मी इतिहास शिकवते. म्हणजे बर्लिनमध्ये कोण कुणाला काय दाखवणार हे जायच्या आधीच ठरलेलं होतं, निदान माझ्या डोक्यात तरी. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत घालायला सुरुवात, ९ नोव्हेंबर १९८९ ला ती उघडली, सगळं मला तोंडपाठ. सिस्टरने बॅग भरायची आणि ऐकायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका साध्या रहिवासी गल्लीतून चाललो होतो. मी पुढे, हातात फोन, फोनवर नकाशा. मागे वळून पाहते तर सिस्टर नाही. वीसेक पावलं मागे ती फुटपाथवर उकिडवी बसलेली. फरशीत बसवलेला एक पितळी चौकोन वाचत होती, दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा. त्याला तिकडे श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ मध्ये सुरू केलेलं हे काम. नाझींनी ज्यांना नेलं, त्यांच्या स्वतःच्या मर्जीने राहत असलेल्या शेवटच्या घरासमोर एकेक दगड. आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त आहेत. हे सगळं मी तिला उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मला माहीत होतं ना!

तिने मान वर केली नाही. "जन्म १८७०. नेलं १९४२ मध्ये," ती म्हणाली. "बहात्तर वर्षांची बाई. हिला गाडीत कोणी चढवलं असेल गं? या वयात पायरी चढायला हात लागतो."

या विषयावर मी किती तास घेतले असतील याचा हिशोब नाही. १९४२ हे साल फळ्यावर शेकडो वेळा लिहिलंय. वजाबाकी कधी केली नव्हती.

त्यानंतर ती प्रत्येक दगडापाशी वजाबाकी करत गेली. चौतीस. एकसष्ट. सहा. सहाच्या दगडापाशी काही बोलली नाही, बोटाने त्याच्यावरचं पान तेवढं बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी बर्नाउअर स्ट्रासला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या रस्त्यावरच्या एका बाजूच्या इमारती पूर्व बर्लिनमध्ये आणि त्यांच्या दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. म्हणजे घराचा दर्शनी भाग हीच सरहद्द. भिंत आली तशी दारं बंद केली, खालच्या मजल्यांच्या खिडक्या विटांनी बुजवल्या, मग लोक वरच्या मजल्यांवरून उड्या मारू लागले. खाली पश्चिमेचे अग्निशामक चादर ताणून उभे. इडा झीकमान या बाई २२ ऑगस्ट १९६१ ला उडी मारून गेल्या, भिंतीचा पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवशी त्यांना ५९ वर्षं पूर्ण होणार होती. अग्निशामकांना चादर उघडायलाही वेळ मिळाला नव्हता.

मी 'पहिला मृत्यू' एवढ्यावर थांबले होते. सिस्टर पुढे वाचत राहिली. उडी मारायच्या आधी बाईंनी दुलया खाली टाकल्या होत्या. "म्हणजे झटका आला म्हणून नाही मारली," सिस्टर म्हणाली, "त्यांनी आधी अंथरूण घातलं." थोड्या वेळाने परत, "आणि ज्यांनी उडी नाही मारली, ते विटा लावलेल्या खिडकीच्या आत दिवसाढवळ्या दिवा लावून बसले असतील."

मला तिचा राग आला होता, खरंच. माझा विषय, माझं शहर (म्हणजे मी ज्याच्यावर नोट्स काढल्या ते), आणि ही बाई काहीही न वाचता येऊन माझ्या हातातून ते काढून घेतेय. त्या रात्री रिकाम्या रस्त्यावर पादचाऱ्यांचा लाल दिवा लागलेला. मी म्हटलं चल, कुणी नाहीये. ती म्हणाली नाही, थांबायचं. त्यावरून आम्ही मोठ्या आवाजात भांडलो. बर्लिनच्या सिग्नलमधला तो टोपीवाला माणूस (पूर्व बर्लिनचा, १९६१ चा, भिंतीच्याच वयाचा) तेवढ्यात दोनदा हिरवा झाला आणि दोनदा लाल. आम्ही तिथेच. भांडण अर्थातच सिग्नलचं नव्हतं.

तर प्रश्न असा. परदेशात गेल्याने नजर विस्तारते असं सगळे म्हणतात. माझी बर्लिनमुळे विस्तारली की सिस्टरमुळे? एकटी गेले असते तर सगळं बघून, सगळं बरोबर आहे याची खात्री करून परत आले असते असं मला वाटतं. तुमचे अनुभव सांगा. स्थळदर्शनाच्या याद्या नकोत, त्या भरपूर आहेत.

वाटसरू

वाखुसा (वाचनखूण साठवली). वजाबाकीचं वाचून थांबलो थोडा वेळ.

भाषेचं काय केलंत? दगडांवर जर्मनच असतं ना?

निळी शाई

हो. पण 'हिअर वोन्टे', म्हणजे 'इथे राहत होती/होता', हे पहिल्या दोन दगडांतच कळतं. पुढे नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे नेलं. आकड्यांना भाषा लागत नाही.

एकटा जीव

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. राग मानू नका.

मित्राबरोबर गेलं की माणूस आपलं घर पाठीवर घेऊन जातो. दिवसभर आपल्याच भाषेत बोलायचं, आपलेच जुने विनोद, समोर समुद्र असला तरी ऑफिसातल्या कुणाची तरी उणीदुणी. आणि दोन माणसं एकमेकांत बोलत असली की तिसरा जवळ येत नाही. मी इस्तंबूलला दोनदा गेलो. पहिल्यांदा जिवलग मित्राबरोबर. हागिया सोफिया पाहिलं, बॉस्फरस पाहिला, आशिया-युरोप दोन्हीकडे उभं राहून फोटो काढले. पाच दिवसांत एकाही तुर्की माणसाशी दोन वाक्यांपलीकडे बोलणं नाही.

दुसऱ्यांदा एकटा. फेरीबोटीवर शेजारी दोन म्हातारे तावला खेळत होते (सोंगट्या-फाशांचा खेळ, बॅकगॅमन). मी बघत बसलो. त्यातला एक फासा टाकून ओरडला, "शेश बेश!" सहा आणि पाच. मग कळलं की तावला खेळताना तिथे दान बरेचदा फारसी आकड्यांत म्हणतात, रोजच्या तुर्की आकड्यांत नाही. येक, दू, से, जहार, पेंच, शेश. आता मला सांगा, मराठी माणसाला यातलं काय शिकवावं लागेल? मी पुढचं दान पडताच "पेंच!" म्हणालो तर म्हाताऱ्याने फासा माझ्या हातात दिला. तीन डाव हरलो. उतरायचा धक्का गेला, परत त्याच बोटीने आलो.

मित्र असता तर मी ते डाव बघितले असते का? त्याला सांगत बसलो असतो, "अरे बघ, बॅकगॅमन."

खडूस काका

एकटा जीव यांच्याशी सहमत, कारण मात्र वेगळं. मी आणि माझा बत्तीस वर्षांपासूनचा मित्र परदेशी गेलो, परत आल्यापासून बोलत नाही. त्याला पहाटे पाचला उठायचं, मला नाही. तो प्रत्येक दारापुढे फोटो काढणार, मी उन्हात उभा. चौथ्या दिवशी त्याने माझ्या चालण्याच्या वेगावर टिप्पणी केली. नजर विस्तारली असेल, मैत्री मात्र आटली.

वाटसरू

काका, म्हणून म्हणतात एक दिवस वेगवेगळं फिरायचं. आम्ही तिघं मित्र दर चौथ्या दिवशी फारकत घेतो. संध्याकाळी ठरल्या जागी भेटायचं, तोपर्यंत फोन नाही. त्या संध्याकाळी गप्पा सगळ्यात रंगतात, कारण एरवी तिघांनी तेच पाहिलेलं असतं, सांगायला काही उरत नाही. खर्चाचा हिशोब रोज रात्री झोपण्याआधी, उद्यावर नाही. पासपोर्टची एकेक प्रत दुसऱ्याच्या बॅगेत. बाकी चालण्याच्या वेगावर इलाज नाही :)

दोन रांगा

मी सहसा लिहीत नाही, वाचते. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

माझी शाळेतली मैत्रीण लग्नानंतर युरोपात स्थायिक झाली. तिच्याकडे आता युरोपीय संघातल्या एका देशाचं नागरिकत्व आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी मिळून फिरायचं ठरवलं, तिच्या देशाबाहेर, शेंगेनमधल्याच (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशात. माझा पासपोर्ट भारतीय. मग माझं सुरू झालं. अर्ज, बँकेचे कागद, नोकरीचं पत्र, रजेचं पत्र, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, राहण्याचं आरक्षण, परतीचं तिकीट, बोटांचे ठसे. ती रोज फोनवर म्हणायची, "अगं किती टेन्शन घेतेस! येऊन जा ना." तिचा स्वभाव लहानपणापासून बिनधास्त, माझा काळजीखोर, असं आमच्या दोघींचंही पक्कं मत होतं. शाळेत बाईंनीही तेच लिहिलं होतं प्रगतिपुस्तकात.

ती कामानिमित्त शेंगेनबाहेर गेली होती, त्यामुळे आम्ही दोघी एकाच विमानाने उतरलो. पुढे दोन पाट्या. एक त्यांच्या नागरिकांसाठी, एक बाकी सगळ्या पासपोर्टांसाठी. ती सवयीने तिच्या रांगेकडे वळली, मशीनवर पासपोर्ट ठेवला, काच उघडली, गेली. मी माझ्या रांगेत, फाईल छातीशी धरून. मला काचेपलीकडे ती दिसत होती. पहिली दहा मिनिटं ती हात करत होती, मग फोन बघत होती, मग नुसतीच उभी राहून माझ्या रांगेकडे बघत होती. खिडकीतल्या माणसाने विचारलं, कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी, कुणाबरोबर. मी काचेपलीकडे बोट दाखवलं. "मैत्रीण." त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परतीचं तिकीट मागितलं.

पन्नास मिनिटांनी बाहेर आले. ती काही बोलली नाही, माझ्या हातातली फाईल घेतली आणि स्वतःच्या बॅगेत ठेवली. दोन दिवसांनी ट्रेनमध्ये अचानक म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं तू घाबरट आहेस."

आमच्यात नजर तिची बदलली, माझी नाही. मला त्या रांगेत नवीन काहीच दिसलं नव्हतं. आणि खरं सांगू का, पंचवीस वर्षांपूर्वी ती याच रांगेत उभी होती. विसरली होती.

निळी शाई

@दोन रांगा, तुम्ही वाचनमात्र राहू नका हो. लिहीत जा.

तिरकस

सगळं छान चाललंय, पण एक मुद्दा राहतोय. विस्तारलेल्या नजरेचा सगळ्यात सामान्य नमुना म्हणजे परत आल्यावर "तिकडे बघा काय शिस्त!" हे भाषण. मी आणि माझा मित्र परतीच्या विमानातच ते सुरू करून बसलो होतो. तिकडचे रस्ते, तिकडच्या रांगा, तिकडची शांतता. पलीकडे बसलेल्या, त्याच देशात वीस वर्षं काढलेल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तिथे कुणाच्या घरी गेलात का?" नव्हतो गेलो. आठवडाभर आम्ही हॉटेल, स्टेशन आणि संग्रहालय पाहिलं होतं. दोघांचं एकमत होतं, त्यामुळे दोघांनाही शंका आली नाही. सहमत होणारा मित्र बरोबर असेल तर माणूस एकट्यापेक्षाही आंधळा होतो, हे माझं अनुभवाने बनलेलं मत.

निळी शाई यांचं नशीब की सिस्टर भांडल्या.

पिवळी रेघ

तिरकस यांनी 'आंधळा' शब्द वापरला म्हणून लिहितो. राग नाही, गंमत वाटली.

माझ्या मित्राची दृष्टी तिशीत गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. त्याला जपानला जायचं होतं. मी म्हणालो, जाऊ. मनात मात्र होतं की आपण डोळे, तो प्रवासी. मी बघायचं आणि त्याला सांगायचं.

तोक्योत पहिल्या दिवशी स्टेशनबाहेर पडलो तर त्याची काठी एका रेघेत अडकली आणि तो थांबला. पायाने चाचपलं. मग म्हणाला, "तू मागे चल." फुटपाथवरचे ते पिवळे उंचवटेदार ठोकळे तुम्ही पाहिले असतील. जगभर रेल्वे फलाटाच्या कडेला असतात, आपण त्यांच्यावरच उभे राहून गाडीची वाट बघतो. ते मूळचे जपानचे. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधले, १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवले. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. पट्टी आणि ठिपका, एवढीच लिपी. हे मला त्याने सांगितलं. मी चाळीस वर्षं त्या ठिपक्यांना फरशीचं डिझाइन समजत होतो.

पुढचे दिवस तो पुढे, मी मागे. बऱ्याच सिग्नलना आवाज असतो, एका दिशेला कोकिळेसारखा, आडव्या दिशेला चिवचिव. मला दोन्ही नुसते 'पक्षी' ऐकू यायचे, त्याला रस्ता ऐकू यायचा. काही स्टेशनांवर गाडी सुटताना धून वाजते, आणि ती बऱ्याच ठिकाणी वेगवेगळी असते. चौथ्या दिवशी मी डब्यात पाटी शोधत होतो, तो उठून उभा राहिला. "आलं आपलं."

सगळं गोडगोड नव्हतं हेही सांगतो. त्याच पिवळ्या रेघेवर लोक सायकली लावून जातात. दोनदा त्याची नडगी फुटली. दुसऱ्यांदा मी चिडून सायकल उचलून बाजूला ठेवायला लागलो तर तो म्हणाला, "राहू दे, निदान इथे रेघ तरी आहे जिच्यावर सायकल लावता येते."

मी बाराशे फोटो काढले. घरी आल्यावर त्याच्याबरोबर बसून ते 'बघितले', म्हणजे मी सांगत गेलो. निम्म्या फोटोंबद्दल मला सांगता येईना की हे कुठलं. तो विचारायचा, "तिथे पायाखाली खडी होती का?" मग मला आठवायचं.

एकटा जीव

@पिवळी रेघ, नमस्कार. मी माझं विधान थोडं मागे घेतो. मित्राबरोबर जावं, पण आपल्यासारखाच मित्र असेल तर एकटं जावं. चालेल?

(तावल्याच्या बाबतीत मात्र ठाम आहे.)

खडूस काका

म्हणजे माझा मित्र माझ्यासारखा नव्हता म्हणून भांडलो, आणि तुम्ही म्हणता तसाच मित्र न्यावा. काहीतरी एक ठरवा.

दोन रांगा

काका, एक विचारू? भांडण झालं त्यानंतर त्यांनी काढलेले फोटो तुम्ही पाहिलेत का कधी?

खडूस काका

नाही. त्याने पाठवले होते. उघडले नाहीत.

बघतो.

निळी शाई

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्न कधीच मागे पडला, ते बरंच झालं.

काल सिस्टरला हा धागा वाचायला दिला. तिची पाळी रात्रीची होती, पहाटे घरी गेल्यावर वाचला आणि सकाळी फोन. आधी खूप हसली, सिग्नलच्या भांडणाबद्दल. तिचं म्हणणं, ती थांबली कारण तिचे पाय दुखत होते आणि ते मला सांगायचं नव्हतं. मी तेव्हा तिच्या नियमपालनावर अर्धा तास तोंडसुख घेतलं होतं.

मग म्हणाली, "पण तू त्या माणसाबद्दल काहीच लिहिलं नाहीस."

कुठला माणूस?

"अगं तो, पहिल्या दगडापाशी. आपण पोचलो तेव्हा तो उठतच होता. बादली आणि फडकं घेऊन. तो ते पितळ घासत होता, म्हणून तर चमकलं आणि मला दिसलं. मला म्हणाला काहीतरी, मला कळलं नाही, मी मान हलवली. तो समोरच्याच दारातून आत गेला."

मी म्हटलं, असं काही झालंच नाही, मी तिथेच होते. ती म्हणाली, "तू पुढे होतीस."

त्या सकाळचे माझ्याकडे सात फोटो आहेत. फोन ठेवल्यावर एकेक मोठा करून बघितला. पाचव्यात मी रस्त्याच्या नावाची पाटी टिपलीय, नंतर जागा शोधायला सोपं जावं म्हणून. खाली डाव्या कोपऱ्यात फुटपाथ आलाय, आणि फुटपाथवर अर्धी कापली गेलेली एक निळी बादली.